अॅट्रॉसिटीची फिर्याद घेतलीच नाही, 'एनसी' करून परत पाठवलं. पुढे काय करावं?

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे मामा मराठवाड्यातल्या एका गावात राहतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वय ६३. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या वेळी आजोबा तुरुंगात जाऊन आले होते. परत आल्यावर त्यांनी गायरानातली अडीच एकर जमीन दगडगोटे वेचून वहितीला आणली. तेव्हापासून आमचं घर तीच कसतं.

तीन आठवड्यांपूर्वी मामांच्या उभ्या सोयाबीनमध्ये कुणीतरी जनावरं सोडली. कुणी सोडली ते सगळ्या गावाला माहीत आहे. मामा जाब विचारायला गेले, तर पारावर दहाबारा माणसांसमोर त्यांना जातीवरून शिव्या दिल्या. "गायरान काय तुमच्या बापाचं आहे का", आणि त्याच्या पुढेमागे जे शब्द होते ते मी लिहिणार नाही. मामा आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोललेले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पोलीस ठाण्यात चार तास बसवून ठेवलं. शेवटी अदखलपात्र नोंद, म्हणजे 'एनसी', करून कागद हातात दिला. त्यात 'शिवीगाळ व धमकी' एवढंच आहे. जातीचा उल्लेख नाही, पिकाचा नाही, पाराचा नाही. वर सल्ला मिळाला, "काका, गावातच राहायचंय ना, आपसात मिटवून घ्या." दुसऱ्याच दिवशी मामेभावावर मोटार चोरल्याचा अर्ज आला.

मी पुण्यात नोकरी करते, कायद्यातलं मला कळत नाही. माझे प्रश्न असे: आता उशीर झालाय का? परत फिर्याद देता येते का? आणि मामी म्हणते तसं, यातून पदरी फक्त वैर येईल का?

निळीपहाट | सोमवार, रात्री ९.५८

ताई, आधी हे सांगा, मामा कसे आहेत? घरात दुसरं कोण असतं? रात्री एकटे झोपू देऊ नका. बाकी लिहितो.

काळाकोट | सोमवार, रात्री ११.१५

तालुका कोर्टात वीस वर्षं वकिली करतो आहे, त्यातली बरीचशी याच कायद्याखालची. उशीर झालेला नाही. फिर्यादीला वेळ का लागला ते मात्र फिर्यादीतच लिहायचं: अमुक तारखेला ठाण्यात गेलो, इतके तास बसवलं, ही नोंद केली. ती एनसी जपून ठेवा. मामा त्याच दिवशी ठाण्यात गेले होते याचा तोच पुरावा आहे.

आता तुम्ही लिहिलेल्या चार ओळींत किती गुन्हे आहेत ते बघा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम ३(१) २०१५ च्या दुरुस्तीने बरंच वाढवलं आणि ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमान करणं हे त्यातलं उपकलम (आर), जातीच्या नावाने शिवी देणं हे (एस). पण लोक तिथेच थांबतात. उभं पीक नासवणं, जमिनीच्या हक्कात अडथळा आणणं हे (जी) मध्ये येतं. मामेभावावरचा अर्ज खोटा असेल आणि त्यावरून खटला उभा केला, तर तो (पी) होतो. तुमच्याकडे फक्त शिवीची तक्रार नाही. पिकाची आधी आहे.

ठाण्यात घेत नसतील तर फिर्याद लेखी करून रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा. १९९५ च्या नियमांतला नियम ५ आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १७३(४) हाच मार्ग सांगतात. तिथेही दाद लागली नाही तर न्यायालय. शिवाय याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेऊन सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवणं आणि नंतर प्रत देणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मामांना वाचून दाखवलं होतं का?

गोदाकाठची | सोमवार, रात्री ११.३१

नाही. मामांना वाचता येतं, पण चष्मा घरी राहिला होता. "सही करा" म्हणाले, त्यांनी केली.

निळीपहाट, मामा ठीक आहेत. मामेभाऊ घरी आलाय. विचारलंत, बरं वाटलं.

खाकीवाला | मंगळवार, सकाळी ७.०५

३१ वर्षं पोलीस खात्यात काढली, निवृत्त झालो. ठाण्याच्या आतलं सांगतो.

अॅट्रॉसिटी लागली की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. मग वरून फोन, रोजचा अहवाल, साठ दिवसांत दोषारोपपत्र. गावचा पुढारी तोवर ठाण्यात येऊन चहा पिऊन गेलेला असतो. ठाणे अंमलदाराला सगळ्यात सोपा कागद म्हणजे एनसी. "मिटवून घ्या" हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय. तेव्हा वाटायचं, गावात शांतता ठेवतोय. ज्याला ऐकवलं त्याच्या मनाचं काय झालं असेल, हे निवृत्त झाल्यावर कळलं. त्याची खंत आहे.

उपयोगाचं एक सांगतो. फिर्यादीत नेमका शब्द लिहा. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढं लिहिलं तर बचावाचा वकील उलटतपासात विचारतो, कोणता शब्द? आणि वर्षभराने फिर्यादी अडखळतो. शब्द घाण असला तरी जसाच्या तसा लिहा. कोण कुठे उभं होतं, वेळ काय, कुणी ऐकलं, हेसुद्धा.

शेतकरी_पोरगा | मंगळवार, सकाळी ८.२०

ताईंच्या मामांबरोबर जे झालं ते चूकच आहे, आधीच सांगतो. पण या धाग्यावर दुसरी बाजूही यायला हवी. २०१६ साली कोपर्डीच्या बलात्कार-खुनानंतर निघालेल्या मराठा मोर्चात मीही चाललो होतो. माझ्या चुलत्यावर बांधाच्या भांडणात अॅट्रॉसिटी लागली. अटकपूर्व जामीन नाही, आठ दिवस आत. पुढे निर्दोष सुटले, पण आजीने अंथरूण धरलं ते धरलंच. बांध कोरला म्हणून भांडण, त्यात जात कुठून आली? गैरवापर होतो हे मान्य करायला काय हरकत आहे?

निळीपहाट | मंगळवार, सकाळी ९.१०

भाऊ, तुमच्या आजीबद्दल वाईट वाटलं, मनापासून.

पण निर्दोष सुटणं म्हणजे केस खोटी असणं, हे मला पटत नाही. खर्डा आठवतंय? एप्रिल २०१४, अहमदनगर जिल्हा, सतरा वर्षांचा दलित मुलगा मारला गेला. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. पोराचा जीव गेला हे तर खोटं नव्हतं ना! खैरलांजीत २००६ साली एका घरातली चार माणसं मारली, आठ जणांना शिक्षा झाली, आणि तरीही अॅट्रॉसिटी कायदा तिथे लागू झाला नाही. ज्या गावात दोनशे घरं एका बाजूला आणि सात घरं दुसऱ्या बाजूला, तिथे साक्ष द्यायला कोण उभं राहतं?

आणि बांधाचं म्हणाल तर जमीन आणि पाणी सोडून जात गावात दिसते तरी कुठे? ताईंच्या मामांचंही भांडण सोयाबीनचंच आहे.

काळाकोट | मंगळवार, सकाळी १०.०२

शेतकरी_पोरगा, तुमच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे, ते नीट मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात म्हटलं, आधी प्राथमिक चौकशी करा, अटकेला वरिष्ठांची मंजुरी घ्या. त्यावर २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. संसदेने त्याच वर्षी कलम १८-ए घातलं: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी नको, अटकेला मंजुरी नको, अटकपूर्व जामीन नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच आपले ते निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला १८-ए वैध ठरवलं, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की फिर्याद वाचून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनावरची बंदी लागू होत नाही. तुमच्या चुलत्यांसारख्या माणसासाठी ते दार उघडं आहे. खोटी माहिती देणाऱ्यावर न्याय संहितेच्या (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २१७ आणि २४८ खाली कारवाई होते.

उलट बाजूचं उदाहरण २०२५ चं. धाराशिव जिल्ह्यातल्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. प्रकार घराबाहेर, लोकांना दिसेल अशा जागी घडला होता. गोदाकाठची, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं. पार ही चार भिंतींतली जागा नाही.

शेतकरी_पोरगा | मंगळवार, सकाळी १०.४०

२०२० च्या निकालातला तो भाग माहीत नव्हता. आमच्या वकिलाने सांगितला नाही. वाचतो.

पिंपळपार_मास्तर | मंगळवार, दुपारी १.१५

एक तारीख मनात घर करून बसली आहे म्हणून लिहितो. काळाकोट यांनी २० मार्च म्हटलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर हक्क होता, तळ्यावर पोचले तर मार बसला. मग दिवाणी दावा चालला तो थेट १९३७ पर्यंत, तेव्हा उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं! वर्गात हा धडा शिकवताना मुलं दर वर्षी विचारतात, "सर, ठराव झाला होता ना, मग?"

मधुरा_ठाणे | मंगळवार, दुपारी २.३०

चार भिंतींचा विषय निघाला म्हणून विचारते. आम्ही दोघं ठाण्यात भाड्याने घर बघत होतो. एजंटने घर दाखवलं, ठरलं, टोकन दिलं. करारासाठी आधार कार्डं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "मालकांच्या भाच्याला घर लागणार आहे." तेच घर महिनाभर संकेतस्थळावर होतं. कुणी शिवी दिली नाही, काही बोललंच नाही. याला कायद्यात काय म्हणतात? नवरा म्हणतो सोडून दे. मला अजून त्या इमारतीसमोरून जाताना घसा दाटून येतो.

काळाकोट | मंगळवार, दुपारी ३.०५

मधुराताई, खरं ते सांगतो. न बोललेला भेद सिद्ध करणं फार अवघड. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेली शिवीगाळ (आर) किंवा (एस) मध्ये बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात म्हटलं. तुमच्या बाबतीत तर शब्दच नाही. मालकाने किंवा एजंटने जातीचं कारण लिहून पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. एजंटचे संदेश असतील तर पुसू नका.

पालावरची | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आम्ही कैकाडी. नागपूर-अमरावतीकडे आमची जात अनुसूचित जातीत, म्हणजे तिथे हा कायदा आमचा. पण सोलापूर, पुणे, नगरकडे आम्ही विमुक्त जातीत. तिथे आमच्या माणसाला तीच शिवी दिली, पाल पेटवलं, तरी अॅट्रॉसिटी लागत नाही. बंजाऱ्यांचं बघा, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, महाराष्ट्रात विमुक्त. शिवी देणारा जिल्हा बघून देत नाही.

आमच्या वाट्याला जातपंचायतीचा जाच वेगळाच. त्यासाठी राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. माझ्या आत्याने त्याखाली तक्रार दिली. पंचांनी दंड परत केला, पण लग्नाला अजून बोलावत नाहीत.

काळाकोट | मंगळवार, रात्री ८.४५

पालावरची ताई, यादीचा हा अन्याय खरा आहे आणि तो संसदेतच सुटेल. पण एक निकाल उपयोगी पडेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं की आपल्या मूळ प्रदेशात जी व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे, तिला या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं. विदर्भातला कैकाडी पुण्यात आला तर तो उघडा पडत नाही. मूळच्या सोलापूरच्या माणसाला मात्र याचा आधार नाही.

पालावरची | मंगळवार, रात्री ८.५८

माझी भावजय वर्ध्याची आहे. तिला हे आजच सांगते.

पॅसिफिकपार | बुधवार, पहाटे ५.१०

सिअॅटलजवळ राहतो. इथल्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावबंदीच्या यादीत 'जात' हा शब्द घातला. त्या दिवशी मी सभागृहाबाहेर रांगेत उभा होतो. आपल्याकडचीच माणसं दोन्ही बाजूंनी बोलत होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असंच विधेयक मंजूर केलं, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला.

इथे शिवी कुणी देत नाही. जेवायला बसल्यावर "तुम्ही मूळचे कुठले? म्हणजे गावात कुठल्या बाजूला घर?" असं विचारतात. मला प्रश्न कळतो. मुलीला अजून कळत नाही, आणि तिला तो कधी समजावून सांगायचा हे आम्हा दोघांचं ठरत नाही.

खाकीवाला | बुधवार, सकाळी ७.३०

पॅसिफिकपार, पोरीला मोठं होऊ द्या, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी तुम्ही सांगा.

ताई, साक्षीदारांचं काय झालं? पारावर दहाबारा जण होते म्हणालात.

गोदाकाठची | बुधवार, सकाळी ९.००

तीच अडचण आहे. सगळ्यांनी ऐकलं, बोलायला कुणी तयार नाही. गिरणीवाल्याने परवापासून मामींचं दळण घेणं बंद केलंय. एक म्हातारे बाबा आहेत, मामांबरोबर शाळेत होते, आमच्या समाजाचे नाहीत. ते म्हणाले, "मी सांगीन, पण कोर्टात हेलपाटे कोण मारणार? रोज बुडाला तर खायचं काय?"

काळाकोट | बुधवार, सकाळी ९.४०

त्या बाबांना सोडू नका. दुसऱ्या समाजाचा साक्षीदार न्यायालयात फार वजनाचा ठरतो. त्यांना सांगा, नियम ११ प्रमाणे साक्षीदाराला जाण्यायेण्याचं भाडं, भत्ता आणि बुडालेली मजुरी मिळते. मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही, तो अर्ज मी करून देईन.

दळण बंद केलं तेही फिर्यादीत घाला. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं हा याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. तारीख लिहा.

पीडिताला सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचंही सांगून ठेवतो, कारण "पैशासाठी केस केली" असं गावात बोललं जाणारच. गुन्ह्याप्रमाणे ते ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि टप्प्याटप्प्याने मिळतं. ती खैरात नाही, नियमातली तरतूद आहे. मामांनी ते घ्यावं आणि ताठ मानेने घ्यावं. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा करा. नाहीच झालं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीकडे अर्ज द्या, ती दर तीन महिन्यांनी बसायला हवी. १४५६६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तक्रार क्रमांक मिळतो.

निळीपहाट | बुधवार, सकाळी ११.२०

मामांच्या जमिनीचं काय? सातबारा सरकारच्याच नावे आहे का? १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे. जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, काही आहे का घरात? आमच्या तालुक्यात लोकांनी 'एक-ई' च्या (गावच्या अतिक्रमण नोंदवहीच्या) दंडपावत्या ट्रंकेत जपल्या होत्या, त्याच शेवटी कामी आल्या.

गोदाकाठची | बुधवार, दुपारी १२.०५

पावत्या आहेत! आजोबांच्या वेळच्या, एका डब्यात. लहानपणी आम्हाला त्या डब्याला हात लावू देत नसत. मामीला फोन करते.

शेतकरी_पोरगा | बुधवार, दुपारी १.३०

दोन दिवस विचार करतोय. कायदा बदलावा का, यावर माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण दळण बंद करणं हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरची गिरणी आहे. आजी कुणाचंही पीठ परत पाठवत नसे. ताई, गाव आमच्या भागातलं असेल तर निरोपातून कळवा. मी दळण आणून देतो.

गोदाकाठची | रविवार, रात्री १०.१५

उशिरा लिहिते आहे, गावाला गेले होते.

शुक्रवारी अधीक्षक कार्यालयात मामांना घेऊन गेले. फिर्याद मामांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, साडेचार पानं. शब्द लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. मला म्हणाले, "तू बाहेर जा." मी गेले. आत बोलावलं तेव्हा लिहून झालं होतं.

शनिवारी गुन्हा नोंदवला, (आर), (एस), (जी) तिन्ही. प्रत मिळाली. या वेळी वाचून दाखवली, आणि मामांनी दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली. म्हातारे बाबा जबाब द्यायला आले होते, मामांच्याच गाडीवर बसून.

शेतकरी_पोरगा, निरोप पाठवलाय. काळाकोट, समोरच्यांनी जामिनाचा अर्ज केला आहे असं कळलं. आम्हाला काही सांगतील का?

काळाकोट | रविवार, रात्री १०.५०

सांगावंच लागतं. कलम १५-ए प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना फिर्यादीला मिळायला हवी आणि त्याचं म्हणणं ऐकायला हवं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक आहे असं सांगितलं आहे. सूचना येण्याची वाट न बघता सोमवारी विशेष न्यायालयात मामांचा अर्ज टाका, पुण्याहून परत यायला लागणार नाही, मी तिथल्या सहकाऱ्याला सांगतो.

आणि उपअधीक्षक जागेच्या पंचनाम्याला आले की पार आणि शेत दोन्हींचा करून घ्या. पारासमोरून रस्ता जातो, पलीकडे शाळा आहे, हे त्यात आलं पाहिजे. सोयाबीनचा पंचनामा नांगरणी व्हायच्या आत. मामांना चष्मा न विसरता घेऊन जायला सांगा.